लहान कार्यालयाचा मुक्तस्रोत सर्व्हर : दप्तर एका जागी, प्रती अनेक जागी

कार्यालय लहान असो वा मोठे, त्याची खरी मालमत्ता म्हणजे त्याचे दप्तर. रुमालात बांधलेल्या फायली, आवक-जावक नोंदवह्या, सेवापुस्तके, करआकारणीच्या वह्या यांच्या आधारानेच प्रशासनाची स्मृती टिकून राहते. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून कोणता कागद कायम जपावयाचा आणि कोणता अल्पकाळ ठेवावयाचा, ही शिस्त महाराष्ट्रातील कार्यालयांच्या अंगवळणी फार पूर्वीच पडली आहे. मात्र कागदाची जागा संगणकाने घेतली तेव्हा ही शिस्त त्याच्याबरोबर आली, असे सर्वत्र म्हणता येणार नाही.

अनेक लहान कार्यालयांतील चित्र साधारणपणे सारखेच असते. पाच-दहा संगणक असतात आणि प्रत्येकात त्या त्या लिपिकाच्या फायली असतात. एका टेबलावरची माहिती दुसऱ्या टेबलावर न्यावयाची झाल्यास पेन ड्राइव्ह हातोहात फिरतो आणि त्याच्याबरोबर विषाणूही फिरतो. एकाच यादीच्या चार प्रती चार ठिकाणी असतात. त्यांपैकी शेवटची कोणती, हे ती तयार करणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याची बदली झाली की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. एखाद्या दिवशी हार्डडिस्क बंद पडते आणि काही वर्षांचे काम नाहीसे होते. संगणक जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंदविलेला असतो. त्याच्या आतील माहितीची नोंद मात्र कोठेच नसते.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागितलेली माहिती सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावी लागते. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाचे निवृत्तिवेतन, शेतकऱ्याचे अनुदान, घरपट्टीची थकबाकी या सर्व बाबी अखेर नोंदींवरच अवलंबून असतात. नोंद हरवली की तिचा भुर्दंड कार्यालयाला नव्हे, तर दारात उभ्या असलेल्या नागरिकाला सोसावा लागतो. यावर एक साधा, कमी खर्चाचा आणि अनुभवाने सिद्ध झालेला उपाय आहे. तो म्हणजे कार्यालयाचा स्वतःचा लहान सर्व्हर, आणि तोही मुक्तस्रोत प्रणालीवर चालणारा.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर या शब्दाने वातानुकूलित दालनातील अवाढव्य यंत्रे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात, जाळ्यातील इतर संगणकांना एखादी सेवा सतत पुरविणारा संगणक म्हणजे सर्व्हर. कार्यालयातील अभिलेखपालाशी त्याची तुलना करता येईल. अभिलेखपाल सर्व फायली एका जागी ठेवतो, अधिकार असलेल्यालाच त्या देतो आणि कोणी काय नेले याची नोंद ठेवतो. सर्व्हरही नेमके हेच करतो. फरक एवढाच की तो एकच फाईल एकाच वेळी अनेकांना वाचावयास देऊ शकतो.

लहान कार्यालयाच्या गरजा मोजक्या असतात. फायली एका ठिकाणी ठेवणे, एकच प्रिंटर सर्वांनी वापरणे, प्रत्येक संगणकाला जाळ्यातील पत्ता देणे, सर्व माहितीची रोज प्रत काढणे, एवढी कामे झाली की बहुतेक गरज भागते. आज्ञावलीच्या दृष्टीने या प्रत्येक कामासाठी परवानाशुल्क न आकारणारे साधन उपलब्ध आहे.

मुक्तस्रोताचा अर्थ

संगणकाची आज्ञावली ज्या मूळ स्वरूपात लिहिली जाते त्याला स्रोत म्हणतात. हा स्रोत सर्वांना पाहता, अभ्यासता, सुधारता आणि वाटता येईल असा परवाना ज्या आज्ञावलीला असतो, ती मुक्तस्रोत होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा जगापुढे ठेवला. या दोहोंच्या संयोगातून जी कार्यप्रणाली घडली, तिच्यावर आज जगातील सर्व्हरांचा फार मोठा भाग चालतो. १९९३ मध्ये सुरू झालेली ‘डेबियन’ ही तिचीच एक प्रतिष्ठित आवृत्ती असून जगभरातील स्वयंसेवक ती सांभाळतात.

भारतातही या विचाराला शासकीय मान्यता मिळाली आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने डेबियनच्या आधाराने ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली तयार केली आणि २००७ मध्ये ती वापरासाठी खुली झाली. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्तस्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराविषयीचे धोरण जाहीर केले. ई-प्रशासनाच्या प्रणालींत मुक्तस्रोताला प्राधान्य द्यावे, असे या धोरणाचे सूत्र आहे. केरळ राज्यातील शाळांनी तर संगणक शिक्षणासाठी मुक्तस्रोत प्रणालीच स्वीकारली असून, सामान्य शिक्षकही ती आत्मसात करू शकतो हे तेथील अनुभवाने दाखवून दिले आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मुक्तस्रोत म्हणजे निव्वळ फुकट नव्हे. परवान्याचे शुल्क वाचते हे खरे. परंतु यंत्र, वीज, शिक्षण आणि देखभाल यांचा खर्च राहतोच. मुक्तस्रोताचा मोठा लाभ वेगळा आहे. कार्यालयाची माहिती एखाद्या एकाच कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. ज्या स्वरूपात ती साठविली जाते ते स्वरूप सर्वांना ज्ञात असते. त्यामुळे वीस वर्षांनंतरही ती वाचता येण्याची शक्यता वाढते. कायम जपावयाच्या अ वर्गाच्या अभिलेखांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

यंत्राची निवड

समजा, एखाद्या कार्यालयात दहा संगणक आहेत. कामात मुख्यतः पत्रे, तक्ते आणि कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. अशा कार्यालयास महागड्या यंत्राची गरज नाही. चार-पाच वर्षे वापरलेला, परंतु सुस्थितीतील साधा संगणकही पुरतो. ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या आवृत्तीसाठी अपात्र ठरलेले अनेक चांगले संगणक त्यामुळे बाजूला पडले आहेत. त्यांपैकी एखाद्यावर लिनक्स बसविल्यास तो सर्व्हर म्हणून आणखी काही वर्षे काम देऊ शकतो. चार किंवा आठ गीगाबाइट स्मृती पुरेशी होते. हार्डडिस्क मात्र नवीन घ्यावी, आणि एक नव्हे तर दोन घ्याव्यात.

साठवणक्षमतेचा अंदाजही सहज बांधता येतो. स्कॅन केलेल्या एका पानास सुमारे अर्धा मेगाबाइट जागा लागते असे धरले, तर एक टेराबाइट डिस्कमध्ये सुमारे २० लाख पाने मावतील. लहान कार्यालयाला ही क्षमता दीर्घकाळ पुरेल.

विजेचा हिशेबही पाहिला पाहिजे, कारण सर्व्हर रात्रंदिवस सुरू राहतो. ३० वॅट वीज घेणारे लहान यंत्र वर्षभरात सुमारे २६३ युनिट वीज वापरते. १०० वॅट घेणारे जुने यंत्र ८७६ युनिट वापरते. म्हणजे फुकट मिळालेला जुना संगणक वीजबिलात महाग पडू शकतो. रात्री व सुटीच्या दिवशी काम नसेल तेथे सर्व्हर ठराविक वेळी बंद करण्याची व्यवस्थाही करता येते.

वीज अचानक जाणे हा ग्रामीण भागातील सर्व्हरचा मोठा शत्रू आहे. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेल्यास डिस्कवरील माहिती बिघडू शकते. म्हणून यूपीएस हा अत्यावश्यक भाग समजावा. यूपीएस व सर्व्हर एका तारेने जोडून योग्य आज्ञावली बसविल्यास, बॅटरी संपत आल्याचा इशारा मिळताच सर्व्हर आपोआप व्यवस्थित बंद होतो.

जाळ्याची उभारणी

सर्व संगणक एका स्विचला केबलने जोडले जातात. केबलची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी, ही तांत्रिक मर्यादा आहे. बिनतारी जोडणी सोयीची असली, तरी सर्व्हर केबलनेच जोडलेला असावा.

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक क्रमांकाचा पत्ता असतो. अंतर्गत जाळ्यांसाठी काही पत्ते जगभर राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते हे त्यांपैकीच होत. इतर संगणकांचे पत्ते राउटरने आपोआप दिले तरी चालतात. परंतु सर्व्हरचा पत्ता कायमचा ठरवून द्यावा लागतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. कार्यालयाचा पत्ता रोज बदलू लागला तर टपाल पोहोचणार नाही. सर्व्हरचेही तसेच आहे. प्रिंटरलाही असाच कायमचा पत्ता द्यावा.

प्रणालीची स्थापना आणि फायलींचे अधिकार

डेबियन किंवा तत्सम प्रणाली अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून पेन ड्राइव्हवर घेता येते व तेथून संगणकावर बसविता येते. अनुभवी व्यक्तीला यास तासाभराचा अवधी पुरतो. सर्व्हरवर चित्रमय पडदा, खेळ किंवा करमणुकीची साधने बसवू नयेत. जितकी साधने कमी, तितके बिघाड कमी. ‘ओपनएसएसएच’ या साधनाच्या साहाय्याने आपल्या टेबलावरूनच सर्व्हरची देखभाल करता येते.

स्थापनेच्या वेळीच दोन्ही डिस्का परस्परांच्या आरशाप्रमाणे जोडाव्यात. एकीवर लिहिलेले तत्काळ दुसरीवरही लिहिले जाते. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही.

फायली वाटून घेण्याचे काम ‘सांबा’ ही आज्ञावली करते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास तिचा आरंभ केला. विंडोज संगणक परस्परांशी ज्या रीतीने बोलतात, ती रीत सांबाने लिनक्सला शिकविली. परिणामी, लिपिकांच्या टेबलावरील विंडोज संगणक बदलण्याची गरज पडत नाही. त्यांना सर्व्हरवरील कप्पा आपल्याच संगणकातील एखाद्या ड्राइव्हसारखा दिसतो. नवीन काही शिकावे लागत नाही, म्हणून कर्मचाऱ्यांचा विरोधही होत नाही.

तांत्रिक उभारणीपेक्षा अधिक विचार करावा लागतो तो कप्प्यांच्या रचनेचा. कार्यालयातील शाखांप्रमाणे आस्थापना, लेखा, आवक-जावक, योजना असे कप्पे करावेत. लेखा शाखेचा कप्पा लेखा शाखेनेच लिहावा. कार्यालयप्रमुखाला तो वाचता यावा. इतरांना तो उघडताच येऊ नये. परिपत्रके व शासन निर्णय यांचा कप्पा सर्वांना वाचण्यासाठी खुला असावा. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र परवलीचा शब्द असावा. सर्वांसाठी एकच परवलीचा शब्द ठेवणे म्हणजे कपाटाला कुलूप लावून किल्ली दारावरच टांगण्यासारखे होय. चुकून पुसलेली फाईल काही दिवस वेगळ्या कप्प्यात जपण्याची सोय सांबामध्ये आहे. ती अवश्य सुरू करावी.

मराठीतून काम करणाऱ्या कार्यालयांनी आणखी एक काळजी घ्यावी. जुन्या फाँटमध्ये टंकलेली पत्रे तो फाँट नसलेल्या संगणकावर अगम्य अक्षरांत दिसतात. नवे लेखन युनिकोडमध्येच व्हावे. जुन्या महत्त्वाच्या पत्रांचे शक्य तेव्हा युनिकोडमध्ये रूपांतर करावे. निदान त्यांची पीडीएफ प्रत काढून ठेवावी.

प्रतीची प्रत

दोन डिस्कांचा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. पुष्कळ ठिकाणी याच समजुतीने घात झाला आहे. कर्मचाऱ्याने चुकून फाईल पुसली तर आरशातूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तर दोन्ही डिस्कांवरील फायली कुलूपबंद होतात. आग, पूर किंवा चोरी यांत यंत्रच गेले, तर आरसाही जातो.

म्हणून बॅकअपचा एक साधा नियम जगभर मानला जातो : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. लहान कार्यालयाला हा नियम दोन बाह्य डिस्का घेऊन पाळता येतो. ‘आरसिंक’ हे साधन पहिल्या वेळी सर्व माहिती उतरवून घेते आणि पुढे केवळ बदललेला भागच उतरविते. त्यामुळे रोजचे काम सहसा काही मिनिटांत उरकते. ही प्रत कार्यालय सुटण्यापूर्वी, वीज असण्याची खात्री असलेल्या वेळी काढावी. केवळ कालचीच नव्हे, तर गेल्या आठवड्याची आणि गेल्या महिन्याची स्थितीही जपावी. कारण बिघाड पुष्कळदा उशिरा लक्षात येतो.

दर शुक्रवारी एक डिस्क काढून दुसऱ्या शासकीय इमारतीतील तिजोरीत ठेवावी आणि तेथील डिस्क परत आणावी. बाहेर जाणाऱ्या डिस्कवरील माहिती कूटबद्ध असावी, म्हणजे डिस्क हरवली तरी नागरिकांची माहिती परक्याच्या हाती पडणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र अधिनियम केला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रतीची परीक्षा. तीन महिन्यांतून एकदा कोणतीही एक फाईल निवडून ती बॅकअपमधून परत मिळते काय, हे प्रत्यक्ष पाहावे आणि तशी नोंद करून स्वाक्षरी करावी. जी प्रत कधीच उघडून पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

सुरक्षिततेचे पथ्य

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवर हल्ला चढविला. फायली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतील एका त्रुटीतून ती पसरली. ती त्रुटी दुरुस्त करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते संगणक बळी पडले. त्याच मे महिन्यात सांबामध्येही एक गंभीर त्रुटी उघडकीस आली आणि तीही तत्परतेने दुरुस्त करण्यात आली. ही त्रुटी सुमारे सात वर्षे कोणाच्या नजरेस आली नव्हती. यावरून दोन गोष्टी दिसून येतात. मुक्तस्रोत आज्ञावली निर्दोष असते असे नाही. आणि कोणतीही प्रणाली असो, सुधारणा वेळेवर बसविणे हेच खरे संरक्षण होय.

डेबियनमध्ये सुरक्षेच्या सुधारणा आपोआप बसविण्याची व्यवस्था आहे. ती सुरू ठेवावी. प्रत्येक आवृत्तीला सुमारे पाच वर्षे सुधारणा मिळतात. त्या मुदतीपूर्वी पुढील आवृत्तीकडे जावे. कार्यालयाचा सर्व्हर इंटरनेटवरून थेट दिसेल अशी रचना कदापि करू नये. राउटरच्या अलीकडे, कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातच त्याचे स्थान आहे. सायबर घटना घडल्यास ती निदर्शनास आल्यापासून सहा तासांत कळविणे ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आवश्यक आहे, याचीही संबंधितांना माहिती असावी.

शाळा आणि ग्रामपंचायत

शाळेतील सर्व्हर फायली जपण्यापलीकडेही उपयोगी पडतो. ‘किविक्स’ या मुक्तस्रोत साधनाने मराठी विकिपीडिया सर्व्हरवर उतरवून ठेवता येतो. मग इंटरनेट नसतानाही संगणक कक्षातील प्रत्येक विद्यार्थ्याला तो वाचता येतो. ग्रंथालयासाठी न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि २००० मध्ये प्रथम वापरात आलेली ‘कोहा’ ही प्रणाली आहे. पुस्तकांची सूची, देवघेव आणि शोध ही कामे तिच्याद्वारे होतात.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत एक मर्यादा स्पष्ट असावी. शासनाने विहित केलेल्या ऑनलाइन प्रणालींना हा सर्व्हर पर्याय नाही. ‘ई-ग्रामस्वराज’सारख्या प्रणालीत करावयाची नोंद तेथेच झाली पाहिजे. मात्र ग्रामसभेच्या इतिवृत्ताची स्कॅन प्रत, करआकारणी नोंदवहीच्या जुन्या पानांच्या प्रतिमा, कामांची छायाचित्रे, पत्रव्यवहार या गोष्टी स्थानिक सर्व्हरवर सुरक्षित राहतात. एक-दोन संगणकांच्या ग्रामपंचायतीला स्वतंत्र सर्व्हर परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. तिने निदान दोन बाह्य डिस्कांवर नियमित बॅकअप ठेवावा. पाच-दहा संगणकांच्या कार्यालयापासून सर्व्हरचा खरा उपयोग सुरू होतो.

माणूस हाच दुवा

अशा उपक्रमांची खरी परीक्षा पहिल्या वर्षी होत नाही. ती बदलीच्या वेळी होते. उत्साही शिक्षक किंवा लिपिक स्वतः शिकून सर्व्हर उभारतो, दोन वर्षे उत्तम चालवितो आणि बदलून जातो. मागे राहिलेल्यांना परवलीचा शब्दही ठाऊक नसतो. काही महिन्यांनी कोणीतरी यंत्र बंद करते आणि पेन ड्राइव्ह पुन्हा फिरू लागतो. यात दोष प्रणालीचा नसून व्यवस्थेचा असतो.

यावरील उपाय कार्यालयीन पद्धतीतच आहे. सर्व्हरची एक स्वतंत्र नोंदवही असावी. यंत्राचा तपशील, जाळ्यातील पत्ते, कप्प्यांचे अधिकार, बॅकअपच्या तारखा आणि केलेला प्रत्येक बदल तीत मराठीत लिहावा. मुख्य परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात असावा. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांप्रमाणेच सर्व्हरचीही नोंद असावी आणि नव्या कर्मचाऱ्याने एक फाईल बॅकअपमधून परत आणून दाखविल्यावरच कार्यभार पूर्ण झाला असे मानावे. देखभाल जाणणाऱ्या किमान दोन व्यक्ती असाव्यात. जवळच्या तंत्रनिकेतनाशी किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशी संपर्क ठेवल्यास विद्यार्थ्यांना अनुभव व कार्यालयाला साहाय्य, असा दुहेरी लाभ होऊ शकतो. तसेच नवा सर्व्हर सुरू करण्यापूर्वी विभागाच्या माहिती तंत्रज्ञानविषयक सूचना पाहून वरिष्ठांची मान्यता घेणे उचित ठरते.

आरंभही टप्प्याटप्प्याने व्हावा. प्रथम एकाच शाखेच्या फायली सर्व्हरवर आणाव्यात, महिनाभर अनुभव घ्यावा, बॅकअपची परीक्षा करावी आणि नंतरच इतर शाखांकडे वळावे. दप्तर नीट बांधून ठेवणाऱ्या जुन्या अभिलेखपालाकडे कोणतेही यंत्र नव्हते; त्याच्याजवळ नेम होता. तोच नेम नव्या साधनाला लाभला, तर एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला किंवा निवृत्त शिक्षकाला आपल्या कागदासाठी पुन्हा पुन्हा हेलपाटे घालावे लागणार नाहीत. लहान कार्यालयातील लहान सर्व्हरचे सार्थक त्यातच आहे.